मुलांसाठीचं आणि मुलांविषयीचं

नायक तेरा-चौदा वर्षांचा दिसला की ते पुस्तक किंवा सिनेमा त्याच वयाच्या मुलांसाठी, असं आपण धरून चालतो. वाढदिवसाला पुस्तकं निवडताना तर हे हमखास होतं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे खरोखर मुलांसाठी लिहिलेला. फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि संकटातून सुटतो. त्याला मिसरूड फुटत नाही, कुणी मुलगी आवडत नाही. मला ही उणीव वाटत नाही. पुढे काय होणार, या ओढीने मूल वाचत सुटतं आणि भागवत ती ओढ कधी सैल पडू देत नाहीत.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मात्र चकवते. नववीतला मुकुंद जोशी स्वतः बोलतो, तेही अस्सल पोरांच्या भाषेत. पण भोवताली आणीबाणी आहे. मुकुंदला तिचा अर्थ जेमतेम लागतो. त्याचं सगळं चित्त वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे. त्याला न उमगलेलं मोठ्या वाचकाला उमगतं आणि कादंबरी तिथेच जिवाला लागते.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ या सिनेमात हे अंतर आणखी टोचतं. नायक जब्या हा जातीवरून हिणवला जाणारा शाळकरी मुलगा. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या आणि घरचे जागीच उभे राहतात, डुक्कर निसटतं. वर्गातली पोरं बघायला जमतात, हसतात. ज्या शालूसाठी तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकला, तीही त्यांच्यातच. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. तो आपल्याच, मोठ्यांच्या दिशेने आहे, असं मी मानतो.

म्हणून हा सिनेमा मुलांना दाखवू नये का? जरूर दाखवावा. जातीवरून वर्गात काय चालतं, हे तेरा वर्षांच्या मुलाला ठाऊक असतंच. फक्त शेजारी बसून बघावा आणि संपल्यावर विषय टाळू नये.

‘श्यामची आई’ दोन्हीकडे बसते. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना लहानपण सांगतो. मूल त्यात आई शोधतं, मोठा माणूस आपला अपराधीपणा.

२०२४च्या नियमांनंतर सिनेमाच्या प्रमाणपत्रावर ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले. कोणत्या वयाला काय चालेल, एवढंच त्यातून कळतं. सिनेमा कुणाशी बोलतोय, हे आधी स्वतः बघूनच ठरवावं लागतं.