झाडाचा खोडवा

ऊस तोडल्यावर खोडवा ठेवतात, तसा झाडाचाही ठेवता येतो. विलो म्हणजे वाळुंजाच्या कुळातले झाड. हिवाळ्यात पाने गळाल्यावर ते जमिनीलगत कापले, की वसंतात त्याच बुंध्यातून सरळसोट धुमारे उठतात. खालची मुळे जुनी आणि भक्कम असल्याने ते भराभर वाढतात.

ही रीत फार जुनी. इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही लाकडी वाट इ.स.पूर्व ३८०७-३८०६ सालची आहे. तिच्यातल्या लांब काठ्या पाहिल्या की त्या अशाच फुटव्यांच्या असाव्यात, असे वाटते. रोमन लेखक केटोने जमिनींची प्रतवारी लावताना विलोच्या बनाला तिसरे स्थान दिले, धान्याच्या शेताला सहावे! पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना लागणारा लाकडी कोळसाही अशाच बनांतून येई. दगडी कोळशाने ती मागणी संपवली.

१९७३च्या तेलटंचाईने स्वीडनला जळणासाठी विलोकडे पुन्हा वळवले, पण आता जंगलात नव्हे, शेतात. हेक्टरी दहा-पंधरा हजार वीतभर काड्या जोडओळीत खोचायच्या. पहिल्या हिवाळ्यात कोवळी वाढ छाटून टाकायची, म्हणजे एकाचे अनेक फुटवे होतात. मग दर तीन-चार वर्षांनी तोडणी, अशी वीसेक वर्षे. खरी कसोटी पहिल्या वर्षाच्या तणाची. तिथे हयगय झाली की पुढची सगळी वर्षे उत्पन्न कमीच.

१९९१मध्ये तिथे कोळसा-तेलासारख्या इंधनांवर कार्बन कर आला, लागवडीला अनुदानही मिळू लागले आणि काही वर्षांतच क्षेत्र पंधरा हजार हेक्टरच्या आसपास गेले. अनेकांनी मात्र हलक्या जमिनीत काड्या लावून पाठ फिरवली. अनुदान आटले, तशी लागवडही थंडावली. इंग्लंडात दुखणे वेगळे होते. यॉर्कशायरमधल्या एग्बरोच्या वीजप्रकल्पासाठी शेतकऱ्यांनी विलो लावला, आणि २००२मध्ये प्रकल्पच दिवाळ्यात निघाला. पीक शेतात उभे, घेणारा गायब. याला पिकाचे अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वीस वर्षांच्या पिकाला गिऱ्हाईकही तितकेच टिकाऊ हवे.

असे गिऱ्हाईक स्वीडनच्या एनशॉपिंग गावात मिळाले. २०००पासून तिथले नत्रयुक्त सांडपाणी सुमारे ७५ हेक्टर विलोला देतात. तोडलेल्या लाकडाचे तुकडे गावाला ऊब पुरवणाऱ्या वीजकेंद्रात जळतात आणि राख पुन्हा शेतात जाते.