गेटवरून गुपचूप सटकायचं नाही

जूनचा तिसरा आठवडा, जुळे सोलापुरातल्या एका बालवाडीचं गेट. साडेतीन वर्षांची लेक माझी ओढणी मुठीत धरून उभी, आणि मागनं एक आजी म्हणाल्या, "ती तिकडं बघतीय तोवर सटका की ओ, नाहीतर दिवसभर रडती." मी सटकले. तीनच दिवसांत लेक घरात पण माझ्या मागंमागं, मी बाथरूममध्ये गेले तरी दाराशी बसून.

मग जरा वाचलं. आई दिसत नसली तरी ती कुठंतरी आहे एवढं बाळाला वर्षाच्या आसपास कळतं, पण ती कधी येणार हे कळायला वेळेचा अंदाज लागतो आणि या वयात तो कच्चाच असतो. त्यामुळं "दोन तासांत येते" म्हणून काही उपयोग नाही. "डबा खायचा, गाणी म्हणायची, मग मी गेटवर" हे कळतं, कारण ते क्रमानं घडताना दिसतं. आणि आपण सटकलो की पोरगं एवढंच शिकतं की नजर हटली की आई जाते, मग ते नजर हटवतच नाही. आपण त्याला हट्ट म्हणतो, खरं तर तो पहारा असतो.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात युगांडात २६ घरांतल्या आया आणि बाळं बघितली, नंतर अमेरिकेत वर्षभराच्या बाळांवर प्रयोग केले. आई गेल्यावर घट्ट नात्यातली बाळंही रडायची, पण ती परत आली की तिला बिलगून शांत व्हायची आणि खेळायला लागायची. म्हणजे गेटवरचं रडणं मोजत बसण्यापेक्षा सुटल्यावर काय होतं ते बघा.

सुटल्यावर आमच्याकडं काय होतं? कडक भाकरी मोडून दिली म्हणून अर्धा तास भोकाड! कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं, पण पाळणाघरातल्या बऱ्याच लहान मुलांमध्ये ते दुपारपर्यंत उलट चढलेलं सापडलंय. दिवसभर शहाण्यासारखं वागून पोरगं दमलेलं असतं, म्हणून आल्या आल्या "आज काय शिकवलं" हा इंटरव्ह्यू मी बंद केला.

झोप हा वेगळाच ताप. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, आणि आमच्या नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते पण अवेळी, मग लाईटी लावा, मोटार लावा. २०१८ मध्ये कोलोराडोत १० लहान मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन जवळपास ८८ टक्के कमी झालं. तो उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा बराच जास्त होता हे खरं, पण तेव्हापासून पाण्याच्या रात्री तिच्या खोलीचा लाईट मी लावत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलतात, तिथली पोरं सुरुवातीला वर्गात गप्प असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कानानं भाषा भरणं चालू असतं. फक्त शू, पाणी, दुखतंय हे तीन शब्द मराठीत आधी शिकवून पाठवा.

आता मी सांगून जाते, एक पापा, टाटा, आणि मागं वळत नाही. परवा पण रडली. सुटल्यावर डबा उघडला तर भाकरी संपलेली, शेंगाचटणी तेवढी तशीच.