बिंदू (दृश्य अभिकल्पातील, म्हणजे डिझाइनमधील, मूलघटक)

बिंदू : चित्र, संकल्पचित्र, अक्षरांकन व छपाई यांतील सर्वांत लहान दृश्य घटक. बोलीत त्याला ठिपका किंवा टिंब म्हणतात. ज्याला भाग नाहीत तो बिंदू, अशी युक्लिडची व्याख्या आहे. भूमितीतल्या बिंदूला फक्त स्थान असते, लांबी-रुंदी नसते. कागदावरच्या ठिपक्याला मात्र आकारमान असावेच लागते, नाहीतर तो दिसणार कसा? केवढ्या आकारापर्यंत त्याला बिंदू म्हणायचे, हे मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही. रुपयाचे नाणे खिशातल्या डायरीच्या पानावर ठेवले तर वर्तुळ दिसते. तेच मोठ्या भिंतीवर चिकटवले तर ठिपका. भोवतीच्या जागेच्या मानाने इतका लहान, की कडांकडे लक्ष जात नाही आणि स्थान तेवढे जाणवते, तो बिंदू. तो गोल असायलाच हवा असेही नाही. तांदळाचा दाणा किंवा आकाशात दूर उडणारी घार हेही बिंदूचेच काम करतात.

कोऱ्या कागदाच्या मधोमध दिलेला ठिपका शांत बसतो. तोच एका कोपऱ्याकडे सरकवला, की कडा त्याला ओढून घेत आहे असे वाटू लागते आणि उरलेली मोकळी जागाही जागी होते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणारे रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाची सुरुवातच बिंदूपासून केली. पूर्णविराम वाक्याच्या शेवटी असतो तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तिथून उचलून भलत्या जागी मोकळा ठेवला, की तो स्वतः बोलू लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

दुसरा ठिपका आला, की दोघांमध्ये न काढलेली रेषा दिसते; एका ओळीत नसलेला तिसरा आला, की त्रिकोण. जवळजवळचे ठिपके डोळा एका गटात बांधतो. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हा नियम मांडताना उदाहरणे घेतली ती ठिपक्यांच्या ओळींचीच.

या बांधणीचा सर्वांत सुंदर वापर ठिपक्यांच्या रांगोळीत दिसतो. तिचे दोन मुख्य प्रकार. ‘११ ठिपके, ११ ओळी’ या मांडणीत ठिपके एकाखाली एक येतात, आतल्या प्रत्येक ठिपक्याला लगतचे चार शेजारी मिळतात आणि चौकटीचे आकार सहज निघतात. ‘१५ ते ८’ या मांडणीत मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत आठपर्यंत जायचे. पुढची ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत येते. एकूण ठिपके १६९, बाह्य आकार षट्कोनी, आणि आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. म्हणूनच या मांडणीत सहा पाकळ्यांची फुले आणि चांदण्या हाताला आपोआप सापडतात. एक ठिपका चुकला तर नक्षी जुळत नाही, हे रांगोळी घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. आपल्याकडे रेषा बहुधा ठिपके जोडत जाते. तमिळनाडूतल्या सिक्कु कोलम या रांगोळीत ती ठिपक्याला स्पर्श न करता त्याच्याभोवती वळसे घेते. एकीकडे बिंदू रेषेत विरून जातो, दुसरीकडे शेवटपर्यंत उघडा राहतो. हा फरक अभिकल्पाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहावा, इतका मोलाचा आहे.

ठिपके दाट झाले की छाया तयार होते, विरळ झाले की उजेड. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेले, ग्रांद जात बेटावरील रविवारचे सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्र शुद्ध रंगांच्या लहान लहान ठिपक्यांनी व फटकाऱ्यांनी भरलेले आहे. शेजारचे रंग डोळ्यात मिसळतात असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते पूर्ण मिसळत नाहीत, आणि पृष्ठभाग थरथरतो तो त्यामुळेच. छापखान्यातल्या हाफटोनमागेही, म्हणजे फोटो ठिपक्यांत छापण्याच्या तंत्रामागेही, हीच युक्ती आहे. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला, तर करडा रंग कुठेच नसतो. असतात ते लहानमोठे काळे ठिपके. रंगीत छपाईत निळसर सायन, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंच्या ठिपक्यांच्या जाळ्या साधारणपणे १५, ७५, ९० आणि ४५ अंशांत फिरवतात. कोन चुकले, तर चित्रावर नको असलेले तरंग उठतात. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी हाफटोनच्या तंत्रावर केलेले संशोधन इंग्लंडमधल्या ‘पेनरोझ’ वार्षिकात प्रसिद्ध झाले होते. पडद्यावरचे पिक्सेल याच घराण्यातले.

एकट्या बिंदूला चित्राचा नायक केले ते सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात वाढलेल्या या चंचल मुलाचे चित्त ठरावे म्हणून शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण ते सांगत. पुढे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट आणि १९५० मध्ये फ्रान्स असा प्रवास झाला. निसर्गचित्रांत अनेक वर्षे रमल्यावर १९७० नंतरच्या दशकात बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. कित्येक चित्रांत हे काळे वर्तुळ इतके मोठे आहे, की मोजमापाने त्याला ठिपका म्हणता येणार नाही. तरी भोवतीचे त्रिकोण, चौकोन आणि रंगांचे पट्टे त्याच्यातूनच निघाल्यासारखे दिसतात. काळा हा त्यांच्या लेखी सर्व रंगांची माता होता.