मॉड्युलर सिंथेसायझर घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात युरोरॅक पद्धतीची मॉड्यूल्स, म्हणजे ठरलेल्या मापाचे सिंथेसायझरचे सुटे भाग, पाहायला येणाऱ्या बहुतेकांनी आधी की-बोर्ड, हार्मोनियम किंवा संगणकावरचे संगीत हाताळलेले असते, आणि "सुरुवातीला नेमके काय घ्यावे" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे नीट उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक आम्ही छापले आहे. खरेदीला येण्यापूर्वी ते एकदा शांतपणे वाचावे, ही विनंती.

नेहमीच्या सिंथेसायझरमध्ये आवाज निर्माण करणारा ऑसिलेटर, त्या आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर आणि त्याची पातळी कमी-जास्त करणारा व्हीसीए हे भाग आतून कायमचे जोडलेले असतात. मॉड्युलरमध्ये हेच भाग सुटे मिळतात आणि ते एकमेकांना कसे जोडायचे हे वाजवणारा ठरवतो. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी १९६० च्या दशकात अशी वाद्ये बनवली, पण ती मोठी आणि महाग होती. जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'ए-१००' ही मालिका आणली आणि तिची मापे पुढे इतर उत्पादकांनीही स्वीकारली. हीच युरोरॅक पद्धत. त्यामुळे आज वेगवेगळ्या देशांत बनलेली मॉड्यूल्स एकाच केसमध्ये (पेटीत) शेजारी शेजारी बसतात. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर असते आणि रुंदी 'एचपी' या एककात मोजतात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, म्हणजेच ८४ एचपीची एक ओळ सुमारे ४२.७ सेंटिमीटर रुंद भरते.

ही सारी यंत्रणा वापरताना एक फरक कायम ध्यानात ठेवावा. पॅनेलच्या पुढच्या बाजूला आपण पॅच केबलने वाटेल ते प्रयोग करू शकता, मात्र मागच्या बाजूला, म्हणजे विजेच्या जोडणीत, एकही प्रयोग करू नये. पुढे चुकीची केबल लागली तर फार तर आवाज येत नाही किंवा नको तसा येतो. एक आउटपुट चुकून दुसऱ्या आउटपुटला जोडले गेले तरी बहुतेक मॉड्यूल्सच्या आउटपुटवर सुमारे एक किलोओहमचा रेझिस्टर असल्यामुळे सहसा नुकसान होत नाही. मागची रिबन केबल, म्हणजे वीज आणणारी चपटी केबल, उलटी लागली, तर मात्र स्विच टाकताक्षणी आतली आयसी (चिप) जळू शकते.

केस आणि वीज

युरोरॅकच्या पॉवर सप्लायमधून +१२ व्होल्ट आणि −१२ व्होल्ट अशा दोन मुख्य ओळी निघतात, आणि काही डिजिटल मॉड्यूल्सना त्याखेरीज +५ व्होल्टही लागतात. प्रत्येक मॉड्यूल या ओळींवर किती मिलिअँपिअर वीज घेते हे त्याच्या माहितीत दिलेले असते. या आकड्यांची प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र बेरीज करावी आणि ती सप्लायच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास थांबवावी. उदाहरणार्थ, +१२ व्होल्टवर १००० मिलिअँपिअर देणाऱ्या सप्लायवर साधारण ७५० मिलिअँपिअरपर्यंतच भार ठेवावा, कारण चालू होण्याच्या क्षणी काही मॉड्यूल्स जास्त वीज ओढतात आणि काठोकाठ भरलेला सप्लाय तापतो. −१२ व्होल्टची बेरीज बहुधा कमी भरते, म्हणून ग्राहक ती करायचीच विसरतात. तीही करावी.

रिबन केबलची लाल कडा −१२ व्होल्टची बाजू दाखवते. मॉड्यूलच्या सर्किट बोर्डावर आणि केसमधल्या, वीज वाटणाऱ्या बसबोर्डावर '−१२' किंवा लाल पट्टीची खूण असते, आणि दोन्ही टोकांना लाल कडा त्या खुणेकडेच यायला हवी. काही उत्पादक उलट जोडणीपासून संरक्षण देणारा डायोड बसवतात, पण सगळे बसवत नाहीत, म्हणून त्यावर विसंबून राहू नये. मॉड्यूल काढण्या-घालण्यापूर्वी नुसता स्विच बंद न करता प्लगच काढून ठेवावा, आणि बोर्डावर खूण सापडत नसेल तर मॉड्यूल आमच्याकडे आणावे, अंदाजाने जोडू नये. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर सगळ्या वाद्यात ५० हर्ट्झची घरघर शिरते आणि ग्राहकाला वाटते की मॉड्यूलच बिघडले आहे. त्यामुळे अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

केस घेताना तिची खोलीही पाहावी. उथळ केसमध्ये काही मॉड्यूल्सचा मागचा बोर्ड आणि त्यावरची केबल मावत नाही. मोकळ्या राहिलेल्या जागांवर कोऱ्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे धूळ आणि लहान मुलांची बोटे आत जाणार नाहीत.

पहिली खरेदी

एकही रुपया खर्च करण्यापूर्वी संगणकावर 'व्हीसीव्ही रॅक' हे सॉफ्टवेअर उतरवून पाहावे, असे आम्ही विक्रेते असूनही सांगतो. त्याची एक आवृत्ती मोफत मिळते आणि त्यात ऑसिलेटर, फिल्टर, एलएफओ (इतर भागांना हळूहळू बदलत ठेवणारी मंद लहर देणारा भाग) पडद्यावरच्या केबलने जोडून पाहता येतात. 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या बंद झालेल्या फ्रेंच उत्पादकाच्या काही गाजलेल्या मॉड्यूल्सच्या प्रतिकृतीही तिथे आहेत. त्या कंपनीने आपले आराखडे खुले ठेवले असल्याने आज इतरांनी बनवलेली तशीच मॉड्यूल्सही बाजारात दिसतात. काही आठवडे असे खेळल्यावर आपल्याला कोणत्या प्रकारचा आवाज हवा आहे हे पुष्कळ स्पष्ट होते, आणि कधी कधी मॉड्युलर घ्यायचेच नाही असेही ठरते. तेही उत्तमच.

त्यानंतर आमचा कल अर्ध-मॉड्युलर वाद्याकडे असतो. 'मेक नॉइज'चे 'झिरो-कोस्ट' किंवा 'मूग'चे 'मदर-३२' यांत आतली जोडणी तयार असते, पण केबल लावून ती बदलता येते. 'मदर-३२' पुढे युरोरॅक केसमध्येही बसवता येते आणि तिथे ६० एचपी जागा घेते. अगदी सुट्या भागांनीच सुरुवात करायची असेल तर एक ऑसिलेटर, एक फिल्टर, किमान दोन व्हीसीए, एक एन्व्हलप (प्रत्येक स्वराचा चढ-उतार ठरवणारे मॉड्यूल), एक एलएफओ, एक मिक्सर आणि की-बोर्ड किंवा संगणकाकडून येणाऱ्या मिडी सिग्नलचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारे एक मॉड्यूल एवढे पुरे होते. चमचमत्या पडद्यांच्या डिजिटल मॉड्यूल्सची मागणी सर्वांत जास्त असते आणि त्यांवर आमचा नफाही बरा सुटतो, पण व्होल्टेज कमी करणारी आणि उलटवणारी साधी अ‍ॅटेन्युव्हर्टर मॉड्यूल्स नसतील, तर त्या महागड्या मॉड्यूल्सचे निम्मे गुण कळतही नाहीत.

परदेशातून स्वतः मागवणाऱ्यांनी वस्तूच्या किमतीबरोबर टपाल आणि विम्याचा खर्च धरूनच सीमाशुल्क आणि आयजीएसटी आकारले जातात, हे गृहीत धरून हिशेब करावा. दुरुस्तीसाठी वस्तू परत पाठवण्याचा खर्चही बहुधा ग्राहकावरच येतो.

जुळवणी आणि प्रयोग

युरोरॅकमध्ये सुराची उंची 'एका सप्तकाला एक व्होल्ट' या प्रमाणात ठरते. ज्यांच्याकडे 'कॉर्ग'चे 'एमएस-२०' हे सिंथेसायझर आहे त्यांनी मात्र ते थेट जोडू नये, कारण त्याचे व्होल्टेज वेगळ्या प्रमाणात चालते आणि मध्ये रूपांतरक घ्यावा लागतो. स्वराचे व्होल्टेज दोन ऑसिलेटर्सना वाटायचे असेल तर बफर असलेले मल्टिपल, म्हणजे एक व्होल्टेज न घसरू देता अनेकांना वाटणारे मॉड्यूल, वापरावे. एक किलोओहमच्या आउटपुटला १०० किलोओहमची आणखी एक इनपुट जोडली की व्होल्टेज सुमारे एक टक्क्याने घसरते. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तीन व्होल्टवर एक टक्का म्हणजे ३० मिलिव्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराच्या (सेमिटोनच्या) सुमारे एक-तृतीयांश. एवढा बेसूर कोणालाही कळतो.

हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या ग्राहकांना आम्ही पहिला प्रयोग तंबोऱ्यासारख्या आधारस्वराचा सुचवतो. दोन ऑसिलेटर्स घ्यावेत, पहिला षड्जावर ठेवावा आणि दुसरा पंचमावर आणावा. बाराच समान स्वर देणारे क्वांटायझर मॉड्यूल पंचमासाठी ०.५८३३ व्होल्ट देते, तर शुद्ध ३:२ प्रमाणाचा पंचम ०.५८५० व्होल्टवर असतो. षड्ज १३०.८ हर्ट्झवर असेल तर या फरकामुळे दर दोन-सव्वादोन सेकंदांनी एक मंद ठोका, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, ऐकू येतो. क्वांटायझर काढून टाकून नॉबने हळूहळू फिरवत ठोका थांबेपर्यंत पंचम जुळवावा. मग गंधारावर हेच करून पाहावे. तिथे समान विभागणीचा स्वर ५:४ प्रमाणाच्या गंधारापेक्षा बराच चढा असल्याने सेकंदाला पाचच्या आसपास ठोके पडतात आणि सूर थरथरल्यासारखा वाटतो. यासाठी सॉटूथसारखी उपस्वरांनी भरलेली लहर घ्यावी, कारण साइन लहरीत हे ठोके जवळपास ऐकूच येत नाहीत. मींड हवी असेल तर स्वराचे व्होल्टेज स्ल्यू लिमिटरमधून, म्हणजे ते एकदम न बदलता सरकत नेणाऱ्या मॉड्यूलमधून, काढावे. जाता जाता सांगायचे तर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्येच मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला होता, तेव्हा हे यंत्र आपल्याकडे अगदीच नवखे नाही.

पुढचे प्रयोग ज्याचे त्याने शोधावेत. मात्र केसमधून निघणारा आवाज दहा व्होल्टच्या पल्ल्याचा असतो आणि मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसच्या नेहमीच्या पातळीपेक्षा खूप मोठा असतो. म्हणून मध्ये ही पातळी कमी करणारे आउटपुट मॉड्यूल ठेवावे, आणि हेडफोन कानाला लावण्यापूर्वी आवाज पूर्ण कमी करावा. आवडलेली जोडणी साठवून ठेवण्याची सोय बहुतेक मॉड्यूल्समध्ये नसते, त्यामुळे केबल काढण्यापूर्वी फोटो काढावा आणि आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा.

देखभाल आणि दुरुस्ती

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्यात जॅकवर गंज धरतो आणि नॉब फिरवताना खरखर येते. वापर नसताना केसवर झाकण ठेवावे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा झाल्यास प्लग काढल्यावरच, थोडासाच मारावा.

उलट जोडणीमुळे जळलेले मॉड्यूल वॉरंटीत बसत नाही. तरी ते टाकून देऊ नये, कारण जळालेला भाग अनेकदा एक-दोन आयसींपुरताच असतो आणि आराखडा उपलब्ध असल्यास आम्ही तो बदलून देतो. नवीन मॉड्यूल घ्यायला येताना आपल्या केसमधील सर्व मॉड्यूल्सची यादी, प्रत्येकाची एचपी रुंदी, खोली आणि तिन्ही ओळींवरचे मिलिअँपिअर लिहून आणावेत. ही बेरीज आम्ही ग्राहकासमोर विनामूल्य करून देतो, आणि सप्लाय पुरणार नसेल तर मॉड्यूल विकण्याआधी तसे स्पष्ट सांगतो.