आयकॅनच्या बैठका

डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत असल्या डोमेन नावांचे, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांचे, नियम काय असावेत यावर जगभरातली माणसं वर्षातून तीनदा जमून जो काथ्याकूट करतात, त्या आयकॅनच्या बैठका. आयकॅन ही १९९८ ला कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था, तिची पहिली बैठक मार्च १९९९ मध्ये सिंगापूरला झाली आणि तेव्हापासून खंड बदलत हा गोतावळा फिरतोय. भारतात २००८ ला दिल्लीत आणि नोव्हेंबर २०१६ ला हैदराबादला बैठक झाली. हैदराबादची संपायच्या आदल्या रात्री नोटबंदी जाहीर झाली, त्यामुळे परदेशी पाहुण्यांच्या खिशातल्या पाचशे-हजाराच्या नोटांचं काय झालं असेल ते विचारायलाच नको. ८५ व्या बैठकीसाठी मार्च २०२६ आणि मुंबई ठरली, म्हणजे नाशिककराने सकाळची पंचवटी पकडावी इतक्या जवळ.

रजिस्ट्रेशन फुकट असतं आणि कुणालाही जाता येतं. सरकारांची वेगळी समिती, डोमेन विकणाऱ्यांचा गट वेगळा, टेक्निकल लोक वेगळे, साध्या वापरकर्त्यांचे प्रतिनिधी वेगळे. पब्लिक फोरम नावाचा प्रकार बघण्यासारखा, समोर अख्खं संचालक मंडळ बसलेलं, माइकपुढे रांग, मंत्रालयातला अधिकारी असो नाहीतर कॉलेजचा पोरगा, दोन-एक मिनिटांत बोलून बाजूला व्हायचं. आता ऑनलाइनही बसता येतं, पण बैठक अमेरिकेत सिएटलला असली तर उन्हाळी वेळेनुसार तिथे दुपारचे दीड वाजतात तेव्हा नाशकात रात्रीचे दोन वाजलेले असतात. भाषांतर मिळतं ते संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत, त्यात हिंदीही नाही, मराठी तर लांबच. त्यामुळे दार उघडं असलं तरी आत दिसतात ते बहुतेक कंपन्यांच्या खर्चाने आलेले लोक, फेलोशिप मिळते पण मोजक्यांनाच.

नाशिककराने समजून घ्यावा असा वाद म्हणजे डॉट वाइन आणि डॉट विनचा (विन म्हणजे फ्रेंचमध्ये वाइन). फ्रान्स, इटली, स्पेन म्हणत होते की शॅम्पेन डॉट वाइन असलं नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागाबाहेरच्या कुणाला देऊ नका, ते भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं म्हणणं की असलं संरक्षण द्यायला डोमेन ही जागाच नव्हे. जून २०१४ च्या लंडन बैठकीत सरकारांचं शेवटपर्यंत जमलं नाही, फ्रान्स जाम भडकला, आणि प्रकरण मिटलं ते पुढच्या वर्षी, बैठकीबाहेर, वाइनवाल्यांनी डोमेन कंपनीशी परस्पर समझोता केला तेव्हा. आता नाशिक व्हॅली वाइनलाही जीआय आहे, पण उद्या कुणी त्या नावाचं डोमेन अडवून बसला तर नुसता जीआयचा कागद पुरत नाही, कारण आयकॅनची तक्रार पद्धत ट्रेडमार्क मागते. दिंडोरीच्या वाइनरीवाल्याने बाटलीच्या लेबलाबरोबर हेही आधीच बघून ठेवावं हे बरं.

मराठीच्या कामाची गोष्ट म्हणजे देवनागरी नावांचे नियम, ते याच मंडळींच्या कामातून २०१९ ला आयकॅनच्या नियमावलीत आले. वऱ्हाड, कऱ्हाडमधला अर्धा र हिंदीला लागत नाही पण आपल्याला लागतो, त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ यादीत आहे. डॉट भारत त्याआधीच, २०१४ ला आलं होतं.

डॉट कॉमसारख्या नव्या शेवटांसाठी २०१२ ला १,९३० अर्ज आले होते, पुढच्या फेरीची मूळ फी २ लाख २७ हजार डॉलर. शहराचं नाव शहराच्याच कामासाठी घ्यायचं तर तिथल्या सरकारी यंत्रणेचं संमतीपत्र किंवा हरकत नसल्याचं पत्र लागतं, तेव्हा डॉट नाशिक कुणाला हवंच असेल तर पैशाआधी त्या पत्रासाठी खेटे घालायची तयारी ठेवावी.