बाळाला जुलाब लागल्यावर : घरच्यांसाठी माहितीपत्रक

दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या किंवा डॉक्टरांनी घरीच सांभाळायला सांगितलेल्या लहान मुलांच्या शुश्रूषेसाठी आमच्या परिचारिका सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांत घरोघरी जातात. एका भेटीला साधारण तासभर लागतो. उरलेले तेवीस तास बाळ आई, आजी, आत्या किंवा शेजारच्या काकूंच्या हाती असते. म्हणूनच त्या तासातला बराचसा वेळ आम्ही घरच्यांना शिकवण्यासाठी राखून ठेवतो. हे पत्रक त्या शिकवणीची उजळणी आहे आणि ते जुलाबापुरतेच लिहिले आहे, कारण घरच्यांच्या हातून जेवढे काम जुलाबात होते, तेवढे क्वचितच दुसऱ्या आजारात होते.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना तोंडाने पाजायला सांगितले. ते पाजण्याचे काम बहुतांशी नातेवाइकांनीच केले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. कसलेही प्रशिक्षण नसलेल्या माणसांनी ते केले, हे आम्ही प्रत्येक घाबरलेल्या आईला आवर्जून सांगतो.

ओआरएस कसे कालवावे

ओआरएस म्हणजे पाण्यात कालवून तोंडाने पाजायचे असेच मीठ-ग्लुकोजचे मिश्रण. बाजारात त्याच्या दोन प्रकारच्या पुड्या मिळतात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी आणि लहान पुडी २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते. किती पाणी घ्यायचे ते पुडीवरच छापलेले असते आणि ते वाचल्याशिवाय पुडी फोडू नये. पुडी एकदम आणि पूर्ण कालवावी, चमचा-चमचा काढून अंदाजाने नव्हे. पाणी उकळून गार केलेले घ्यावे, कालवल्यानंतर झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरले तर ओतून द्यावे.

हे इतके बारकाईने सांगण्याला कारण आहे. एका घरी अकरा महिन्यांच्या मुलीला जुलाब होत होते आणि आजींनी मोठी पुडी एका फुलपात्रात कालवली होती. घट्ट पाजले तर लवकर गुण येईल, असे त्यांना मनापासून वाटले होते. मुलगी तहानेने कासावीस झाली होती, चिडचिड करत होती आणि प्यायल्यावर आणखीच रडत होती. आम्ही ते पाणी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवले आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे मुलीला तपासणीसाठी नेले. संध्याकाळी परत आल्यावर आजींसमोर ते फुलपात्र मापाच्या पेल्याने मोजले, तर त्यात जेमतेम १८० मिलिलिटर पाणी मावत होते. क्षार एवढे दाट झाले की रक्तातले सोडियम वाढते आणि ते मेंदूला घातक ठरू शकते. तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही घरातले एक भांडे मोजून त्यावर रंगाची खूण करून ठेवतो.

पुडी आणेपर्यंत वेळ जाणार असेल, तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालून ढवळावे. दुकानात ‘ओआरएस’ असे नाव मिरवणारी गोड पेये खोक्यांतून विकली जात होती. ते नाव वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जास्त साखरेचे पेय आतड्यात पाणी खेचून जुलाब वाढवते, म्हणून औषधाच्या दुकानातूनच, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेली पुडी मागून घ्यावी.

किती आणि कसे पाजावे

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर पाजावे. बाटली टाळावी, वाटी-चमचा बरा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा या गतीने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध एकाही वेळेला बंद करू नये. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूध आणि ओआरएस एवढेच द्यावे. मोठ्या बाळाला मऊ भात, मुगाचे वरण, पेज, ताक, केळे असे नेहमीचे अन्न थोडे-थोडे देत राहावे. आतड्याला विश्रांती म्हणून बाळाला उपाशी ठेवले, तर ते अधिक अशक्त होते.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, हे आधीच माहीत असले तर दुसऱ्या दिवशी विश्वास उडत नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी शोषले जाते. हा मार्ग जुलाब चालू असतानाही बहुधा शाबूत असतो. ओआरएसचे काम गेलेले पाणी भरून काढण्याचे आहे. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मोठ्यांच्या डब्यातून काढून लहान मुलाला कधीही देऊ नयेत, आणि जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होत असल्याने प्रतिजैविकासाठी डॉक्टरांकडे हट्टही धरू नये.

झिंकची गोळी मात्र सोडू नये. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, असे १४ दिवस द्यायचे असते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्या फडताळात पडून राहतात, असे आम्ही अनेक घरांत पाहतो. पूर्ण दिवस दिल्यास पुढचे दोन-तीन महिने जुलाब उलटण्याचा संभव कमी होतो, म्हणून आमच्या परिचारिका रिकामे पाकीट पाहायला मागतात.

टाळू खोल गेली तर

बाळाची टाळू खोल गेली की ‘टाळू पडली’ म्हणून तेल भरण्याची चाल आपल्याकडे आहे. आजींच्या नजरेला खोल टाळू बरोबर दिसलेली असते, याचे आम्हाला कौतुक वाटते. पण तेलाने ती वर येत नाही. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खूण आहे आणि पाणी भरून निघाले की टाळू आपोआप सपाट होते. ‘दात येत आहेत, जुलाब होणारच’ हा समजही वेळ घालवतो. बिब्बा घालणे किंवा डाग देणे यांनी कोवळी कातडी भाजते, म्हणून ते कृपा करून कोणीही करू नये.

खोल गेलेले डोळे, रडताना अश्रू न येणे, कोरडी जीभ, सहा तासांत लघवी न होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश सपाट होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवावे. बाळ दूध किंवा पाणी ओढत नसेल, प्यालेले सगळे उलटून पडत असेल, हाक मारूनही डोळे उघडत नसेल, झटके आले असतील किंवा शीतून रक्त पडत असेल, तर आमच्या परिचारिकेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब झाले तर घरी उपचार करत बसू नये.

रोटाव्हायरसची लस सरकारी कार्यक्रमात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे मोफत दिली जाते. बाळाचे लसीकरण कार्ड भेटीच्या वेळी समोर ठेवावे.

आमच्या परिचारिका स्वतःहून औषध सुचवत नाहीत आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घरी सलाईन लावत नाहीत. पहिल्या भेटीत त्या बाळाचे वजन करून एक वही ठेवून जातात. त्यात शी, उलटी, लघवी आणि पाजलेले पाणी वेळेसह लिहावे. रात्री दोन वाजता फोन करावा लागला, तर वही उघडून शेवटची लघवी किती वाजता झाली ते आधी सांगावे.