तापाची गोळी आणि यकृतातला गंधक

मोबाइलवर अधूनमधून एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. ‘पी-५००’ अशी खूण असलेली, पांढरीशुभ्र आणि चकचकीत पॅरासिटामॉलची गोळी घेऊ नका, तिच्यात ‘माचुपो’ नावाचा जीवघेणा विषाणू आहे, असे त्यात बजावलेले असते. माचुपो हा विषाणू खरोखरच आहे. परंतु तो दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात आढळतो, तेथील एका जातीच्या उंदरांकडून माणसापर्यंत पोहोचतो आणि कारखान्यात दाबून तयार केलेल्या कोरड्या गोळीत त्याचा टिकाव लागण्याचे काही कारण नाही. हा संदेश दहा जणांना पाठवणारा माणूस त्याच दिवशी सकाळी तापाची एक गोळी, दुपारी सर्दीची दुसरी आणि रात्री अंगदुखीची तिसरी गोळी निर्धास्तपणे घेतो, आणि या तिन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉलच आहे, हे त्याच्या गावीही नसते. भीती नको तेथे बाळगली जाते आणि हवी तेथे बाळगली जात नाही, ती अशी.

ठरलेल्या प्रमाणात घेतले तर पॅरासिटामॉल हे अतिशय सुरक्षित औषध आहे, यात शंका नाही. डेंग्यूच्या साथीत तापासाठी डॉक्टर हेच औषध देतात, कारण ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनमुळे प्लेटलेट्सच्या कामात अडथळा येऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याचा इतिहासही सुरक्षिततेच्या शोधाचाच आहे. १८८६ मध्ये ॲसिटॅनिलाइड हे औषध तापावर वापरात आले. त्याने ताप उतरत असे, पण हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून रोग्याचे ओठ निळे पडत. १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की ॲसिटॅनिलाइडचा ताप उतरवणारा गुण शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलचा आहे, आणि मग थेट पॅरासिटामॉलच देण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या दशकात ते बाजारात आले. अतिमात्रेमुळे यकृताच्या पेशी मरतात, ही गोष्ट मात्र १९६६ मध्ये, एडिंबरा येथील डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांच्या अहवालामुळे प्रथम पुढे आली.

एवढे सौम्य औषध एका मर्यादेपलीकडे एकाएकी विषारी का व्हावे, हा प्रश्न मला औषधशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो. त्याचे उत्तर यकृतातील रसायनशास्त्रात आहे.

पोटातून शोषलेले पॅरासिटामॉल यकृतात पोहोचते आणि त्यातील सुमारे नव्वद टक्के भागाला यकृत ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट यांचा जोड देते. असा जोड मिळालेला रेणू निरुपद्रवी असतो, पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. उरलेल्यापैकी थोडासा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरांच्या (एन्झाइमांच्या) हाती लागतो. या कुळातील ‘२ई१’ क्रमांकाचे विकर पॅरासिटामॉलच्या रेणूतून दोन हायड्रोजन अणू त्यांच्या इलेक्ट्रॉनांसह काढून घेते, आणि मागे जो पदार्थ उरतो त्याचे रासायनिक नाव इतके लांबलचक आहे की डॉक्टर मंडळी त्याला ‘नॅपक्वी’ एवढेच म्हणतात. पॅरासिटामॉलमधील बेंझिनचे कडे स्थिर आणि समाधानी असते. नॅपक्वीमध्ये ते स्थैर्य गेलेले असते, कड्यावर इलेक्ट्रॉनांची चणचण असते आणि जवळपास जो कोणी इलेक्ट्रॉन देऊ शकेल त्याच्याशी बंध जोडायला हा रेणू टपलेला असतो. पेशीत असा दाता म्हणजे गंधक, आणि तोही सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाशी असलेला, हायड्रोजनला चिकटलेला गंधक.

ग्लुटाथायोनचे काम येथे सुरू होते. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांच्या जोडणीतून यकृताच्या पेशी हा छोटा रेणू स्वतःच तयार करतात आणि त्याचा भरपूर साठा बाळगतात. नॅपक्वी तयार झाल्याबरोबर ग्लुटाथायोनमधील गंधक त्याच्याशी बंध जोडतो, त्याची आक्रमकता तेथेच संपते आणि पुढे काही फेरफार होऊन तेही लघवीवाटे बाहेर पडते. आपण प्रमाणात गोळी घेतो तेव्हा प्रत्येक वेळी हे घडते. म्हणजे विष प्रत्येक गोळीतून थोडे तयार होतेच. फक्त ते टिकत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत वर उल्लेखलेले ब्रॉडीही होते, हे कोडे उंदरांवरील प्रयोगांनी सोडवले. सायटोक्रोम विकरे वाढवणारे औषध उंदरांना आधी दिले तर यकृताची हानी वाढली, विकरे रोखली तर ती कमी झाली. यावरून दोष मूळ औषधाचा नसून त्यापासून बनणाऱ्या पदार्थाचा आहे, हे सिद्ध झाले. पुढचे निरीक्षण त्याहून महत्त्वाचे होते. मात्रा वाढवत नेली तरी, ग्लुटाथायोनचा साठा सुमारे सत्तर टक्के संपेपर्यंत, तो विषारी पदार्थ पेशींतील प्रथिनांना फारसा चिकटत नव्हता आणि पेशी शाबूत राहत होत्या. त्या टप्प्यानंतर मात्र प्रथिनांना चिकटलेल्या पदार्थाचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि पेशी मरू लागल्या. गच्चीवरच्या टाकीचा पंप संथ चालत असावा आणि खाली सगळे नळ उघडे असावेत, तेव्हा बराच वेळ कोणालाच काही जाणवत नाही आणि मग सगळ्या घराचे पाणी एकदम जाते, तसे हे आहे. शिवाय सल्फेटचा पुरवठाही मर्यादित असतो. तो कमी पडू लागला की सायटोक्रोमच्या वाटेने जाणाऱ्या औषधाचा वाटा वाढतो. म्हणजे विषाची निर्मिती वाढते नेमकी त्याच वेळी ते शमवणारा साठा आटत असतो.

ग्लुटाथायोन संपल्यावर नॅपक्वीला गंधक हवाच असतो, आणि तो त्याला पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांत, विशेषतः ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांत सापडतो. मायटोकॉन्ड्रियाचे काम बिघडते, ऊर्जेचा पुरवठा तुटतो आणि पेशी फुटते. अशा यकृताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मेलेल्या पेशींची कडी प्रत्येक मध्यवर्ती शिरेभोवती नेमकी आखल्यासारखी दिसतात, कारण ‘२ई१’ हे विकर तेथेच सर्वाधिक आणि ग्लुटाथायोन तुलनेने कमी असते.

ओघात आले म्हणून सांगतो: हेच ग्लुटाथायोन सध्या शहरांतील सौंदर्यकेंद्रांत गोरेपणासाठी शिरेतून टोचले जाते, आणि ‘यकृताची शुद्धी’ करणाऱ्या काढ्यांच्या जाहिरातींतही त्याचे नाव झळकते. जी शुद्धी यकृत दर तासाला फुकट करते तिच्यासाठी हजारो रुपये मोजण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला कळलेले नाही.

हा हिशेब सगळ्यांचा सारखा नसतो. चार दिवसांच्या तापाने अन्नावरची वासना उडालेल्या माणसाचा ग्लुटाथायोनचा साठा आधीच खालावलेला असतो. रोज मद्यपान करणाऱ्याच्या यकृतात ‘२ई१’ विकर वाढलेले आणि साठा घटलेला, अशी दुहेरी अडचण असते. क्षयरोगावर दिले जाणारे आयसोनियाझिड हे औषधही तेच विकर वाढवते. प्रौढ निरोगी माणसासाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते. वरील मंडळींसाठी डॉक्टर ती बरीच खाली आणतात.

मर्यादा ओलांडली जाते ती बहुतेक वेळा नकळत. डोलो-६५० मध्ये ६५० मिलिग्रॅम, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम, आणि सर्दीच्या कित्येक मिश्र गोळ्यांत ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, आणि आतला पदार्थ एकच. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले आईवडील सोबत नेलेली क्रोसिन घेतात आणि वर तिथले टायलेनॉलही घेतात, तेव्हाही हेच घडते, कारण तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने विकले जाते ते पॅरासिटामॉलच.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळा मापाचा असतो. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी, किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम औषध द्यायचे असते. बाजारातील एका प्रकारच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्या प्रकारात तेवढ्याच सिरपमध्ये २५०, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत तर एकाच मिलिलिटरमध्ये १००. पहिल्या सिरपचे सहा मिलिलिटर या मुलाला ठीक आहेत. दुसऱ्याचे तीन पुरतात. थेंबांच्या बाटलीतले दीड मिलिलिटर. ‘मागच्या वेळी सहा मिलिलिटर दिले होते’ एवढे लक्षात ठेवून आजीने थेंबांच्या बाटलीतले सहा मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या चौपट औषध जाते. बाळांना द्यायचे म्हणून थेंब सौम्य असतील, ही समजूत उलटी आहे. ते मुद्दाम दाट केलेले असतात, कारण बाळ फार द्रव गिळत नाही. स्वयंपाकघरातला चमचा तर मापाला वापरूच नये.

रुग्णालयात औषध देण्याआधी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी पडताळून पाहण्याची सवय परिचारिकांना पहिल्या वर्षापासून लावली जाते, ती अशाच चुकांसाठी. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. सहा किलोच्या बाळासाठी डॉक्टरांनी ४५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर बाटलीतून साडेचार मिलिलिटरच काढायचे. घाईत ‘४५’ हा आकडा मिलिलिटरचा समजला गेला तर थेट दहापट औषध शिरेत जाते, आणि बाटली मोठी असल्याने हात अडत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१० मध्ये याच चुकीविषयी इशारा दिला होता. म्हणूनच मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर अशा दोन्ही मापांत लिहावी आणि दुसऱ्या सिस्टरकडून आकडेमोड तपासून घ्यावी, अशी शिस्त असते. वॉर्डात रात्रपाळीला एकटी सिस्टर तीस रुग्ण सांभाळत असेल तर ती शिस्त कशी पाळली जायची, हा प्रश्न औषधशास्त्राच्या पुस्तकाबाहेरचा आहे.

अतिमात्रेची सर्वांत फसवी बाजू म्हणजे पहिला दिवस. थोडी मळमळ होते, कधी तीही होत नाही, आणि रुग्ण बरा वाटून घरी बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, तपासणीत यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटीचा आकडा हजारांत जातो, आणि कावीळ दिसेपर्यंत बहुतेक हानी होऊन गेलेली असते. यावर उतारा आहे आणि तो उत्तम आहे. एडिंबरा येथील लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात एन-ॲसिटाइल सिस्टीन वापरात आणले. ग्लुटाथायोन बाहेरून दिले तर पेशी ते सहज आत घेत नाहीत. हे औषध मात्र आत शिरते, पेशीला सिस्टीन पुरवते आणि ग्लुटाथायोन पुन्हा घडवायला लावते. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास त्याच गंधकाचा. अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत ते सुरू झाले तर यकृत जवळजवळ नक्कीच वाचते. उशिरा दिले तरी उपयोग होतो, पण तितका नाही. त्यामुळे जास्त गोळ्या गेल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एकदाच घेतलेल्या अतिमात्रेत चार तासांनंतर रक्तातील औषधाचे प्रमाण मोजून उतारा द्यायचा की नाही, हे एका ठरलेल्या आलेखावरून ठरवता येते. परंतु दोन-तीन दिवस थोडे थोडे जास्त औषध घेतले असेल, जसे वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांनी होते, तर तो आलेख लागू पडत नाही. अशा वेळी यकृताच्या तपासण्यांबरोबरच डॉक्टरांना रुग्णाने दिलेल्या माहितीवर विसंबावे लागते. म्हणून रुग्णालयात जाताना घरातली सगळी रिकामी पाकिटे सोबत न्यावीत, आणि कोणती गोळी, किती आणि किती वाजता, असे सिस्टरने विचारले की सर्दीची गोळीही आठवून सांगावी.